घावनाला पॅनकेक म्हटलं की काय होतं?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटणाऱ्यांसाठी, हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना माझं जे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात त्याला’ चालू असतं ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच. मधेच कुठे ट्रकचा हॉर्न ऐकू आला असेल तर त्याला इलाज नाही. मी कामणमधून बोलतेय, आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता काही माझ्यासाठी थांबत नाही.

आजचा विषय खाण्याचा आहे, पण रेसिपीचा नाही. इतिहासाचा आहे, पण त्यात लढाया नाहीत. म्हणजे आहेत, पण ताटातल्या.

कोरियन सिरीज बघणाऱ्यांना एक सीन पाठ असेल. बाहेर धो धो पाऊस. आत तव्यावर तेल चुरचुरतंय, त्यात कांद्याच्या पातीच्या लांब लांब काड्या आणि वरून ओतलेलं पीठ. शेजारी माकगॉली, म्हणजे तांदळाची पांढरट दारू. कोरियात म्हणतात की तळणीचा आवाज पावसासारखा येतो, म्हणून पाऊस लागला की हे खावंसं वाटतं. या पदार्थाचं नाव पाजॉन. ‘पा’ म्हणजे पातीचा कांदा आणि ‘जॉन’ म्हणजे पिठात घोळवून किंवा पिठात मिसळून तव्यावर परतलेलं काहीही. जॉन हे कुणा इंग्रजाचं नाव नाही, हे आधीच सांगून ठेवते. किमची घातली की किमचीजॉन. आणि मूग भिजवून, जाडसर वाटून, भरपूर तेलात केलं की बिंदेत्तॉक. सोलच्या ग्वांगजांग मार्केटमध्ये गेलात तर जात्यावर मूग दळत बसलेल्या बायका आणि तव्यावर ढीग लावलेली बिंदेत्तॉक दिसतील.

आता हे पाहून आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? “अरे, हे तर आपलं धिरडं!”

अमेरिकन माणूस म्हणतो, “हा तर पॅनकेक.” इटलीची हौस असलेला म्हणतो, “कोरियन पिझ्झा.” जपानी माणसाला त्यात ओकोनोमियाकी दिसते. गंमत म्हणजे जपानमध्ये हा पदार्थ ‘चिजिमी’ नावाने विकला जातो. हा शब्द कोरियाच्या आग्नेयेकडच्या ग्योंगसांग भागातल्या बोलीतून तिकडे गेला. म्हणजे कोरियाच्या एका कोपऱ्यातलं बोलीतलं नाव जपानमध्ये प्रमाण झालं, आणि बाकी जगात ‘पॅनकेक’.

एका पदार्थाला चार परके भेटले आणि चौघांनी आपापल्या स्वयंपाकघरातली चार नावं ठेवली. यात वाईट काय? काहीच नाही. अनोळखी चवीला ओळखीचं नाव देऊनच माणूस पहिला घास घेतो. माझा प्रश्न पुढचा आहे. परक्याचं मत कधी नुसतं मत राहतं, आणि कधी त्याचा हुकूम होतो?

हे शोधायला सोलला जायची गरज नाही. कामण रोड स्टेशनवरून वसई-दिवा लाईनची गाडी पकडा, वसईला उतरून किल्ल्यात जाऊन उभे राहा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं आपल्या दारात परके राहत होते, जेवत होते, आणि आपल्या जेवणाबद्दल लिहीत होते. गोव्यापासून सुरतेपर्यंत अशा लोकांनी बरंच लिहून ठेवलंय. त्यांचे मी तीन प्रकार केलेत: वाटसरू, मुक्कामी आणि मालक.

पहिला वाटसरू.

१६१६ साली एडवर्ड टेरी नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेला उतरला. जहांगीर बादशहाकडे आलेला इंग्रज वकील सर थॉमस रो, त्याचा हा धर्मगुरू. टेरीने नंतर आठवणी लिहिल्या, आणि त्यात साध्या लोकांच्या भाकरीबद्दल लिहिलंय. धान्य जाडंभरडं, पण भाकरी चवीला चांगली, अंगाला मानवणारी. आकार रुंद, जाडी आमच्याकडच्या ओटच्या भाकरीएवढी. आणि त्याने टिपलेली सगळ्यात छान गोष्ट: लोक छोटे गोल लोखंडी तवे सोबत घेऊन फिरतात आणि त्यावर भाजतात.

यात टेरीने काय केलं बघा. त्याच्या देशात गरीब माणूस ओटची भाकरी खातो, म्हणून त्याने आपली भाकरी तिच्या शेजारी ठेवली. तुलना केली, पण नाक मुरडलं नाही. आणि तवा पाहिला! बहुतेक प्रवासी राजाच्या ताटाबद्दल लिहितात, याने वाटेवरच्या माणसाच्या गाठोड्यातला तवा पाहिला.

पुढे १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश छापला. भारतात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात आहेत. दक्षिणेतलं तांदळाचं अप्पम तिथे ‘हॉपर’ या नावाखाली सापडतं, आणि समजावून सांगताना त्याची तुलना उत्तर हिंदुस्थानातल्या गव्हाच्या चपातीशी केलीय. टेरीचीच पद्धत. फक्त एक फरक पडला. टेरीने नाव दिलं नव्हतं, नुसतं वर्णन केलं होतं. इथे अप्पमचं हॉपर झालं. श्रीलंकेत इंग्रजीत आजही हॉपरच म्हणतात. परक्याच्या जिभेला जे वळलं ते पाटीवर आलं.

आता दुसरा प्रकार, मुक्कामी. माझा सगळ्यात आवडता.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्येच भारतात आला. आयुष्य गोव्यात काढलं, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापून झालं, भारतातल्या औषधी आणि मसाल्यांवरचे संवाद. त्यात हिंगावर एक प्रकरण आहे. ओर्ता म्हणतो की हिंदुस्थानात सगळीकडे, औषधात आणि स्वयंपाकात, हिंग वापरतात आणि परवडेल तो विकत घेतोच. त्याला स्वतःला तो वास जगातला सर्वांत घाणेरडा वाटायचा. पण हिंग घातलेली भाजी खाल्ल्यावर त्याला ती वाईट लागली नाही! आणि हे त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकलं.

नाक एक म्हणतं आणि जीभ दुसरं. हे दोन्ही लिहिणारा परका दुर्मिळ. नाकावर थांबला असता तर आपण त्याला आज शिव्या घातल्या असत्या.

दुसरा मुक्कामी डच होता. यान हाउखेन फान लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपच्या नोकरीत. त्याचं पुस्तक १५९६ साली आलं. त्यात भातावर घालायच्या माशाच्या आंबट रश्श्याचं वर्णन आहे. आंबटपणा कसा, तर त्याच्या देशातल्या गूसबेरीसारखा किंवा कच्च्या द्राक्षांसारखा. पण चव छान, असंही तो सांगतो. तुमच्या डोळ्यासमोर कोकमाचं किंवा चिंचेचं कालवण आलं ना? त्याच्यासमोर गूसबेरी आली. आणि अजून एक निरीक्षण त्याने केलंय. गोव्यात राहिलेल्या पोर्तुगीज घरांतल्या बायका हाताने जेवायच्या आणि चमच्याने भात खाणाऱ्याला हसायच्या. मुक्काम वाढला की हसणारी बाजू बदलते, ती अशी.

वसईतही हेच झालं. विनेगर आणि लसणीत मुरवलेल्या मांसाला पोर्तुगीज ‘विन्या द आल्योश’ म्हणायचे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत त्यात देशी मसाला पडला आणि त्याचं ‘इंदयाल’ झालं, सोबतीला फुगे आले. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. मुंबईत नोकऱ्यांसाठी आलेल्या गोव्याच्या आणि मंगळुरूच्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज साहेबाला कळावं म्हणून. नाव कुणासाठी ठेवलं जातं, कुणाला ओळखू यावं म्हणून ठेवलं जातं, हा प्रश्न नुसता पदार्थांचा नाही, माणसांचाही आहे.

आणि पावाचं काय सांगू! पोर्तुगिजांना रोज गव्हाचा फुगलेला पाव हवा होता, आपला भात आणि भाकरी त्यांना ‘ब्रेड’च्या खात्यात बसेना. म्हणून ‘पांव’ आला, त्याचा ‘पाव’ झाला, आणि आज वडापावाशिवाय महाराष्ट्र चालत नाही. धिरड्यात आपण जी हिरवी मिरची चिरून घालतो तीही अमेरिका खंडातली, १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. बहुतेक इतिहासकारांच्या मते त्याच शतकाच्या शेवटी-शेवटी ती कोरियात पोचली. म्हणजे लालभडक किमचीजॉन आणि आपलं हिरवी मिरची घातलेलं धिरडं, दोघांचा तिखटपणा एकाच पाहुणीचा.

आता थोडं थांबून एक उलटा प्रवास सांगते. बिंदेत्तॉक मुगाचं असतं, हे वर सांगितलं. मूग मुळात कुठला? भारतातला. इथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी तो रानातून शेतात आणला, आणि इथून तो पूर्वेकडे पसरत गेला. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात डाळी वाटून केलेल्या ‘धोसक’ नावाच्या पदार्थाचं वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडे. डाळ भिजवायची, वाटायची, तापल्या तव्यावर घालायची, ही आपल्याकडची नऊशे वर्षांची तरी लेखी नोंद असलेली गोष्ट. म्हणून कोरियन बिंदेत्तॉक पाहून “हे तर आपलं धिरडं” म्हणणं अगदीच हवेत नाही. मूग आपलाच आहे. पण तो तिथे गेल्यावर तिथल्या लोकांनी त्यात मोड आलेले मूग घातले, किमची घातली, डुकराचं मांस घातलं. बी आपलं, पदार्थ त्यांचा.

आता तिसरा प्रकार. मालक. इथून पुढे हसू कमी होत जाईल.

गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या श्रद्धेवर नजर ठेवणारं धर्मन्यायालय. १७३६ मध्ये, वसई पडायच्या तीनच वर्षं आधी, या न्यायालयाने गोव्यात एक लांबलचक हुकूम काढला. तो अनंत काकबा प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या ग्रंथात दिलाय. त्यात कपड्यांवर, लग्नाच्या रीतींवर, तुळशीवर बंदी आहे. आणि एक कलम भाताबद्दल आहे. हिंदू लोक करतात तसा बिनमिठाचा भात शिजवून मागून मीठ घालायचं नाही.

पुन्हा वाचा. भातात मीठ आधी की नंतर, हा गुन्ह्याचा विषय झाला.

हिंगाचा वास आवडत नाही म्हणणारा ओर्ता आणि भातातलं मीठ तपासणारा हा हुकूम, दोघंही ‘परक्याचं मत’च. फरक एवढाच की पहिल्याच्या हातात पळी होती आणि दुसऱ्याच्या हातात कोठडीची किल्ली. आणि हा फरक ओर्ताच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचला. ओर्ता ज्यू वंशाच्या, ख्रिस्ती व्हाव्या लागलेल्या घरातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. अशा खटल्यांत घरात काय शिजतं, कुठल्या दिवशी शिजतं, काय टाळलं जातं, यावरून माणूस ‘खरा’ की ‘खोटा’ हे ठरवायचे. ज्याने दुसऱ्यांच्या हिंगाची चव मोकळ्या मनाने घेतली, त्याच्या घरच्यांचीच चूल संशयाखाली आली.

तुम्ही म्हणाल, हे धर्माचं झालं, फार जुनं झालं. ठीक. १८७७ ला या.

१८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ हे मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकशास्त्राचं पुस्तक आलं होतं. म्हणजे आपण आपल्या खाण्याबद्दल आपल्या भाषेत छापून लिहायला लागलो होतो. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, पुणे, सातारा, नगर, विजापूर इथे दुष्काळ पडला, तिकडे मद्रास इलाख्यातही. सरकारने खडी फोडायची, रस्ते आणि तलाव खोदायची कामं काढली. तिथे प्रश्न आला, दिवसभर राबणाऱ्या माणसाला मजुरीत किती धान्य पुरतं?

व्हाइसरॉयने याची पाहणी करायला सर रिचर्ड टेंपलला पाठवलं. त्याचं मत पडलं की दिवसाला एक पौंड धान्य पुरे, वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आधी दीड पौंडाच्या आसपास देत होते. मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होता की एवढ्यावर राबणारा माणूस जगणार नाही. आपल्या इलाख्यात मजुरी कापली तेव्हा हजारो दुष्काळी मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवालांवर अहवाल धाडले. न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका या सभेचे मोठे आधार. मद्रासला पुढे मजुरी वाढवावी लागली, पण तोवर लोक मरत होते. त्या दुष्काळात लाखो माणसं गेली. आणि टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

‘नेटिव्हाला एवढंच लागतं’ हेही परक्याचं आपल्या जेवणाबद्दलचं मतच होतं. फक्त ते पुस्तकात न छापता हजेरीपटावर छापलं गेलं.

याच काळात साहेबांच्या घरांतही मतं बनत होती. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी भारतात संसार थाटणाऱ्या मेमसाहेबांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक लिहिला. त्यात देशी पदार्थांना अगदी थोडी जागा आहे, तीही मागणी आली म्हणून. आणि शेरा काय, तर बहुतेक देशी पदार्थ फार तुपकट आणि फार गोड. गंमत बघा. एका परक्याला वाटतं नेटिव्हाला पौंडभर धान्यात भागतं, दुसऱ्याला वाटतं नेटिव्ह तुपात लोळतो. दोघांनी वेगवेगळी घरं पाहिली होती, आणि दोघांनी ‘नेटिव्ह’ हा एकच शब्द वापरला.

कोरियाकडे वळून बघा. १८९०च्या दशकात इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी बाई चार वेळा कोरियाला गेली. तिने लिहून ठेवलं की कोरियन लोक फार खातात, भूक भागवायला नाही तर पोट तुडुंब भरल्याचं सुख घ्यायला. तीच बाई त्याच देशातली गरिबी आणि अंदाधुंदीही लिहिते. पण ‘खादाड कोरियन’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, तो १९४५ पर्यंत. म्हणून ‘चिजिमी’ हा शब्द ऐकताना काही कोरियन लोकांच्या कपाळावर आठी पडते ती नुसत्या चवीची नसते.

त्यानंतर युद्ध झालं, देश तुटला, आणि अमेरिकन मदतीचा गहू आला. १९६०-७०च्या दशकांत कोरियन सरकारने तांदूळ वाचवा, मैद्याचं खा असा प्रचार केला. आज घरोघरी मैद्याचं जॉन सहज होतं, त्यामागे हा गहूही आहे. आणि आपल्याकडे? त्याच पीएल-४८० नावाच्या अमेरिकन योजनेतला गहू आपल्या रेशनवर होता. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाल मिलो ज्वारी वाटली गेली. त्या वेळी दुष्काळी कामावर गेलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ एवढे दोनच शब्द उच्चारून बघा. पुढचा अर्धा तास तुमचा नाही. त्या लाल ज्वारीबद्दल आपल्या आज्या-आजोबांचं मत काय होतं ते कुठल्या कोशात नाही. परक्याचं आपल्याबद्दलचं मत छापून राहतं, आपलं परक्याच्या धान्याबद्दलचं मत ओट्यावर राहतं आणि माणसासोबत जातं. मला वाटतं खरा तोटा हा आहे.

म्हणून आता ‘पॅनकेक’वर येते.

हल्ली हॉटेलांच्या मेनूकार्डावर घावनाला ‘राईस क्रेप’ लिहिलेलं दिसतं, मुगाच्या धिरड्याला ‘हेल्दी लेंटिल पॅनकेक’. मला राग येत नाही. परका गिऱ्हाईक आहे, त्याला कळायला हवं. पण हळूहळू आपणही एकमेकांशी तसंच बोलायला लागलो तर काय हरवतं, ते तव्याजवळ उभं राहून बघा.

घावन म्हणजे नुसतं तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ. पीठ सरसरीत, ताकासारखं पातळ. बिडाचा तवा कडक तापलेला हवा, नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, आणि पीठ कडेकडून ओतत आत यायचं. पाण्याची झटक्यात वाफ होते आणि जाळी पडते. आंबोळीत तांदळासोबत उडीद असतो, पीठ रात्रभर आंबतं, म्हणून ती जाड आणि लुसलुशीत. धिरडं डाळीचं किंवा मिसळीच्या पिठाचं, पळीने पसरलेलं. थालीपीठ तर ओतायचं नसतंच. भाजणी भिजवून हाताने थापायचं, मधे बोटाने भोकं पाडायची, त्यांतून तेल खालपर्यंत जातं. चार वेगळी पिठं, चार वेगळे हात. ‘पॅनकेक’ म्हटलं की चारही एकाच खोक्यात. मग पुढच्या पिढीला आंबोळी आंबवायची असते हेच कळायला मार्ग उरत नाही, कारण ते नावातच होतं.

पाजॉन, किमचीजॉन, बिंदेत्तॉक यांचंही तसंच. त्यांना सरसकट ‘कोरियन पॅनकेक’ म्हणताना, किंवा “आपलं धिरडं” म्हणताना, आपण हॉब्सन-जॉब्सनच्या खुर्चीत बसलेले असतो. कधी नव्हे ते आपण परके आहोत! रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. पुण्याच्या बाजूला कोरियन कुटुंबं राहतात, त्यांची दुकानं, खाणावळी आहेत. त्यांच्या ताटाबद्दल आता आपली मतं बनतायत.

आणि फार लांब तरी कशाला जाऊ? आमच्या कामण-चिंचोटीच्या गाळ्यांमध्ये आणि गोदामांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं काम करतात. त्यांच्या खोलीत बेसनाचा चिला होतो, सातूचं पीठ भिजवलं जातं. खोली भाड्याने देताना “काय शिजवणार?” हा प्रश्न कोण विचारतं? आपण. इथे आपण वाटसरूही नाही आणि मुक्कामीही नाही. इथे आपण मालक आहोत. डोंगरातल्या पाड्यावरून शाळेत आलेल्या वारली पोराच्या डब्यातली भाकरी बघून वर्गात कोण हसतं, हेही आपल्याला माहीत आहे.

मत असू नये असं मी म्हणत नाही. मला किमची अजून जमलेली नाही, आणि ते मी कोणालाही सांगेन. हिंगाचा वास न आवडण्याचा हक्क ओर्तालाही होता. माझं म्हणणं एवढंच की आधी नाव विचारा, मग चव घ्या, मग मत द्या, आणि आपल्या हातात किल्ली असेल तर मत जरा गिळायला शिका.

आता तुमच्यासाठी काम. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, इंटरनेटवर फुकट शोधता येते. त्यात तुमच्या घरच्या तव्यावरचा एखादा शब्द शोधा आणि एका इंग्रजाने त्याचा अर्थ कसा लावलाय ते वाचा. मग तोच अर्थ घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. दोन मिनिटांची व्हॉइस नोट पुरे. मिलोबद्दलचं मत असेल तर दहा मिनिटं द्या. कोशवाल्याचं म्हणणं दीडशेहून जास्त वर्षं टिकलंय. आजीचंही टिकायला हरकत नाही.

पुढच्या भागात मीठ. वसईच्या खाडीवरची मिठागरं, ती कोणाची होती आणि आता तिथे काय उभं राहतंय. तोवर तवा तापवा. भेटू.